वजनावरून हिणवली जाणारी मुले मैदानावर टिकणार कशी?

मार्कंडेयकाठ (धागाकर्ती)
२३ जुलै, रात्री १०:१५

नमस्कार. आम्ही बेळगावच्या जवळच राहतो. माझी मुलगी १३ वर्षांची आहे. सातवीपर्यंत ती गावच्या मराठी शाळेत होती आणि जूनपासून आठवीसाठी शहरातल्या हायस्कूलमध्ये जाऊ लागली आहे. तिचे वजन वयाच्या मानाने जास्त आहे, हे आम्हाला ठाऊक आहे आणि तिलाही ठाऊक आहे. परंतु गावात असेपर्यंत त्या वजनाने तिचे कुठे अडले नव्हते. लगोरी, लंगडी, विहिरीत पोहणे, आजोळी खानापूरकडे गेली की दिवसभर रानात हिंडणे, हे सगळे ती इतर मुलींच्या बरोबरीने करीत असे.

शनिवारी सकाळची शाळा असते आणि त्या दिवशी पी.टी.चा पांढरा पोशाख घालावा लागतो. जुलै लागल्यापासून दर शनिवारी तिचा पोशाख ओला असल्याचे माझ्या लक्षात आले. पावसाळ्यात आमच्याकडे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून आधी मला त्यात काही वावगे वाटले नाही. मी तो गुरुवारीच धुऊन स्वयंपाकघरातल्या दोरीवर घालू लागले, तरी शनिवारी पहाटे तो ओलाच. गेल्या शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास न्हाणीघरात पाण्याचा आवाज आला म्हणून उठले, तर ती दिवा न लावता वाळलेला पोशाख बादलीत बुडवून पिळत होती. मला पाहून ती रडली नाही आणि काही बोललीही नाही. तो पिळा तसाच हातात धरून उभी राहिली.

पुढचे मला तिच्या आतेबहिणीकडून कळले, जी त्याच शाळेत नववीत आहे. शाळेत शारीरिक क्षमतेची चाचणी झाली. वजनाचा काटा व्हरांड्यात ठेवला होता, सगळा वर्ग रांगेत उभा होता, एक मुलगी आकडा मोठ्याने वाचत होती आणि दुसरी तो वहीत लिहीत होती. माझ्या मुलीच्या वेळी लिहिणाऱ्या मुलीने आकडा पुन्हा विचारला. रांगेतून कोणी मराठीत ‘ढोली’ म्हणाले, कोणी कन्नडमध्ये ‘डुम्मी’ म्हणाले, आणि त्या दिवसापासून तिला तेच नाव पडले. त्यानंतर ६०० मीटरची धाव झाली. बाकीच्या मुली पोहोचल्यावरही तिची जवळजवळ एक फेरी उरली होती, तेव्हा मास्तरांनी सगळ्यांना तिच्यासाठी टाळ्या वाजवायला सांगितले. त्यांचा हेतू चांगलाच असणार, यात मला शंका नाही. पण ती संपूर्ण फेरी ती टाळ्यांच्या आवाजात एकटी धावली.

शाळेशी या गोष्टीबद्दल कसे बोलावे, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा असा की ती पुन्हा हालचाल करू लागेल अशी कोणती जागा आपल्या भागात आहे? तिसरी गोष्ट प्रश्न नसून कबुली आहे. ‘पुरे आता, आणखी पोळी नको’ असे मीही तिला पाहुण्यांच्या देखत अनेकदा म्हटलेले आहे.

निपाणीचा पालक
२४ जुलै, सकाळी ७:५०

ताई, तुमच्या मुलीबद्दल वाईट वाटले. नावे ठेवणाऱ्या मुलांना शाळेने समज दिलीच पाहिजे. तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आमच्या लहानपणी घरचे आणि मास्तर तोंडावर बोलत असत आणि त्या बोलण्यानेच आम्ही हातपाय हलवत होतो. आज मुलांना काहीही बोलायचे नाही, त्यांच्या मनाला लागेल म्हणून वजनाचा विषयच काढायचा नाही, असे केले तर ती उठणार कधी? माझा मुलगा १५ वर्षांचा असून त्याचेही वजन जास्त आहे. शाळेतून आला की मोबाइल घेऊन बसतो. थोडी लाज वाटल्याशिवाय माणूस बदलत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि हे मी त्याच्या काळजीपोटीच म्हणतो.

खानापूरची डॉक्टर
२४ जुलै, दुपारी ३:२०

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि खानापूर तालुक्यात काम करते. निपाणीच्या दादांचा मुद्दा आधी घेते, कारण तो मला दवाखान्यात जवळजवळ रोज ऐकू येतो आणि तो मांडणारे आईबाप मुलांवर मनापासून माया करणारे असतात.

लाज वाटली की मूल हालचाल करील, ही समजूत पुराव्यापुढे टिकत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली या विषयावर धोरणविषयक निवेदन प्रसिद्ध केले. वजनावरून हिणवले गेल्यामुळे मुले एकटी पडतात, भरमसाट खाऊ लागतात, व्यायाम टाळतात, डॉक्टरकडे जाणेही टाळतात आणि त्यातून वजन आणखी वाढते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याच देशातील मिनेसोटा राज्यात शाळकरी मुलांची पाहणी करून १५ वर्षांनी त्यांनाच पुन्हा गाठण्यात आले, तेव्हा किशोरवयात वजनावरून चिडवली गेलेली मुले मोठेपणी अधिक वजनाची झालेली आढळली. त्यात माझ्या मनाला लागलेला भाग असा की मुलांच्या बाबतीत सोबत्यांनी चिडवल्याचा परिणाम दिसला, तर मुलींच्या बाबतीत सोबत्यांचाही आणि घरच्यांचाही. म्हणून मार्कंडेयकाठ ताईंनी शेवटी जी कबुली दिली आहे, तिला मी या धाग्यातले सर्वांत मोलाचे वाक्य समजते.

राहिला आळसाचा आरोप. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू-हाडे बळकट करणाऱ्या खेळांचा त्यात समावेश असावा. १४६ देशांतील ११ ते १७ वयाच्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली असता, २०१६ साली ८१ टक्के मुले एवढी हालचाल करीत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होते आणि मुलांमध्ये ७८ टक्के. याचा अर्थ बारीक मुलेही बसूनच असतात. त्यांचे बसणे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, एवढाच काय तो फरक.

आणखी एक गोष्ट मास्तरांनी आणि पालकांनी समजून घ्यावी असे मला कळकळीने वाटते. ४५ किलोची मुलगी आणि ७० किलोची मुलगी एकाच वेगाने धावत असतील, तर दुसरीचे हृदय, फुप्फुसे आणि गुडघे कितीतरी जास्त काम करीत असतात. त्वचेखालच्या चरबीमुळे शरीरातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, म्हणून चेहरा लाल होतो आणि घाम जास्त येतो. पाहणाऱ्याला ती मागे पडलेली दिसते. प्रत्यक्षात त्या मैदानावर सर्वांत जास्त मेहनत तीच करीत असण्याची शक्यता असते. मेहनत मोजायची तर एक साधी खूण आहे. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला म्हणजे हालचाल पुरेशी झाली, मग वेग कितीही असो.

आता वैद्यकीय बाजू थोडक्यात. मोठ्या माणसांचे बॉडी मास इंडेक्सचे (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचे) आकडे मुलांना लावायचे नसतात. भारतीय बालरोग अकादमीने ५ ते १८ वर्षांसाठी २०१५ साली दिलेल्या तक्त्यांवर वय आणि लिंग पाहून तो मांडावा लागतो. त्यामुळे व्हरांड्यात ओरडून सांगितलेल्या किलोंच्या आकड्याला शास्त्राच्या दृष्टीनेही फारसा अर्थ नाही. मानेच्या मागे किंवा काखेत मखमलीसारखी काळपट जाड त्वचा दिसत असेल (पुष्कळ आया ती मळ समजून घासतात, तसे करू नये), पाळी फार अनियमित असेल, मूल मोठ्याने घोरत असेल किंवा उंची वाढायची थांबली असेल, तर तपासणी करून घ्यावी. वजन जास्त असलेले १० ते १६ वयाचे मूल लंगडत असेल आणि मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणत असेल, तर त्याला ‘नाटक करू नकोस’ म्हणून मैदानात ढकलू नये. खुब्याच्या हाडाचे टोक वाढीच्या जागेवरून सरकलेले असू शकते, त्याची वेदना अनेकदा गुडघ्यातच जाणवते, आणि अशा वेळी त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे काढून घेणे आवश्यक असते.

वजनाचा काटा जागचा हलला नाही तरी नियमित हालचालीने रक्तदाब, यकृतातली चरबी, इन्शुलिनचे काम, झोप आणि मनःस्थिती सुधारते. नुसत्या व्यायामाने वजन फार उतरत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर महिनाभर चालूनही काटा तिथेच आहे असे पाहून ती सगळेच सोडून देतात.

चिक्कोडी_दहावी
२४ जुलै, रात्री ९:०५

मी दहावीत आहे, चिक्कोडीजवळच्या गावात राहतो. मोठ्यांच्या धाग्यात लिहू का नको असे वाटत होते, पण लिहितो.

सहावीत असताना मास्तर मला म्हणाले, तुझे अक्षर चांगले आहे, तू बाहेर बस आणि स्कोअर लिही. तेव्हापासून तीन वर्षे मी क्रिकेटचा स्कोअर लिहिला. माझे अक्षर खरोखर चांगले आहे. म्हणून मी कधी तक्रार केली नाही आणि मास्तरांनाही कधी वाटले नाही की मला खेळायचे असेल.

मैदानावर जायला नको वाटण्याची कारणे मोठ्यांना सांगता येत नाहीत, कारण ती सांगायलाच लाज वाटते. पावसात टी-शर्ट अंगाला चिकटतो आणि सगळे छातीकडे बघतात. धावले की मांड्या एकमेकींना घासून सोलवटतात आणि मग दोन दिवस बेंचवर बसता येत नाही. त्यावर उपाय आहे हे मला नववीत कळले. आत सायकलवाल्यांची घट्ट अर्धी चड्डी घालायची आणि मांड्यांना खोबरेल तेल लावायचे. घरात कोणाला सांगितले असते तर हे आधीच कळले असते.

आता मी ट्यूशनला सायकलवरून जातो. जाऊन-येऊन ११ किलोमीटर होतात. सायकलवर मला कोणी काही म्हणत नाही, कारण कोणी म्हणेपर्यंत मी पुढे गेलेला असतो. निपाणीच्या काकांना एक सांगायचे आहे. तुमच्या मुलाला लाज वाटत नाही असे समजू नका. मला तर ती वाटायची थांबतच नव्हती, म्हणून मी मोबाइल घेऊन बसत होतो.

निवृत्त पी.टी. मास्तर
२५ जुलै, सकाळी ६:३०

चिक्कोडीच्या मुला, तू लिहिलेस हे फार चांगले केलेस. तुझे लिखाण वाचून मी काल रात्री बराच वेळ जागा होतो.

मी या सीमाभागातल्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांच्या शाळांत मिळून ३१ वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. मीही मुलांना बाहेर बसवून स्कोअर लिहायला लावले आहे. एका मुलाला मी ‘रणगाडा’ म्हणत असे. तो हसायचा, म्हणून त्याला ते आवडते अशी माझी समजूत होती. पुढे पुष्कळ वर्षांनी तो मला बेळगावातल्या शहापूरच्या बाजारात भेटला, नमस्कार केला, चहाही पाजला, आणि निघताना बायकोला माझी ओळख करून देताना म्हणाला, ‘हे आमचे सर, यांनीच मला ते नाव दिले.’ तो तेव्हाही हसतच होता. त्यानंतर माझ्या नोकरीची नऊ वर्षे उरली होती. त्या नऊ वर्षांत जे बदल केले ते सांगतो. ताईंना शाळेशी बोलताना उपयोगी पडतील.

सर्वांत मोठा बदल धावण्यात केला. अंतर ठरवून धावायला लावले की कोणीतरी शेवटचा येणारच आणि तो सर्वांना दिसणारच. त्याऐवजी मी वेळ ठरवू लागलो. सगळ्यांनी सहा मिनिटे धावायचे किंवा चालायचे, शिट्टी वाजली की आपापल्या जागी थांबायचे आणि आपण किती फेऱ्या केल्या ते आपल्या वहीत स्वतः लिहायचे. शिट्टीच्या वेळी सगळा वर्ग मैदानभर विखुरलेला असतो, त्यामुळे पहिला कोण आणि शेवटचा कोण हे कोणालाच सांगता येत नाही. पुढच्या महिन्यात प्रत्येकाने फक्त आपल्या जुन्या आकड्याकडे पाहायचे. अर्धी फेरी वाढली तरी ती वाढच असते. माझ्या वर्गातल्या काटक मुलांनाही या पद्धतीचा फायदा झाला, कारण पूर्वी ती पहिली आली की थांबत असत.

संघ पाडताना दोन कप्तानांना मुले निवडायला लावण्याची रीत मी पूर्ण बंद केली. त्यात शेवटी उरणारा दर वेळी तोच असतो. एक-दोन, एक-दोन असे अंक म्हणवून घ्यावेत, अर्ध्या मिनिटात संघ पडतात.

शाळेतली ही क्षमतेची चाचणी म्हणजे सरकारच्या खेलो इंडियाची चाचणी, तीत उंची-वजन घ्यावेच लागते, ते मास्तरांच्या हातात नाही. पण काटा कुठे ठेवायचा हे निश्चितच त्यांच्या हातात आहे. मी तो कार्यालयाच्या मागच्या खोलीत, मुलांना पाठमोरा ठेवत असे. एकेका मुलाला आत बोलवायचे, आकडा मी स्वतः लिहायचा, तोंडाने काही म्हणायचे नाही. मुलींचे वजन बाई घेत असत. ६० मुलांच्या वर्गाला यासाठी एक तास जास्त लागतो, हे मान्य आहे.

आणि जड अंगाच्या मुलाला जे उत्तम येते ते वर्गासमोर आणावे. गोळाफेक, थाळीफेक, रस्सीखेच यांत त्यांची ताकद कामी येते. कबड्डीच्या स्पर्धांना वजनाची मर्यादा असते, पण वर्गातल्या कबड्डीला कोणी मर्यादा घातली आहे? लेझीम तर मी सर्वांत वर ठेवतो. बेळगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत दोन-दोन तास लेझीम खेळणाऱ्यांना पाहा. उठणे, बसणे, वाकणे, उडी, सगळे त्यात येते, दमही चांगलाच लागतो, आणि पन्नास जण एका ठेक्यावर असल्यामुळे कोणा एकाच्या अंगाकडे पाहायला कोणाला सवड नसते. पावसाळ्यात मैदानावरच्या तांबड्या चिखलात घसरून पडण्याची भीती या मुलांना फार असते, कारण पडले की वर्ग हसतो. तेव्हा जून ते सप्टेंबर व्हरांड्यात किंवा सभागृहात लेझीम घेणे हाच मला सर्वांत योग्य मार्ग वाटला.

ताई, शाळेला पत्र लेखी द्या. कोणावर ठपका ठेवू नका, काय बदलावे एवढेच लिहा. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या, १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई आहे आणि तुमची मुलगी आठवीत असल्यामुळे ती त्या कायद्याच्या कक्षेत येते. पहिल्याच पत्रात कलम दाखवण्याची गरज नाही. पण ते तुम्हाला ठाऊक असावे.

शिवणकाम शहापूर
२५ जुलै, दुपारी १:४०

मी गणवेश शिवते. सगळे मनाबद्दल बोलत आहेत, मी कापडाबद्दल थोडे सांगते, कारण चिक्कोडीच्या मुलाने जे लिहिले त्यातला अर्धा भाग कापडाचा आहे.

शाळांचे पी.टी.चे टी-शर्ट आणि पँटी आता घाऊक तयार येतात आणि वयाप्रमाणे माप ठरलेले असते. मापाबाहेरच्या मुलाला मोठ्या माणसाचे माप दिले जाते. मग खांदे उतरतात, बाही कोपराखाली येते आणि पोटावर मात्र तो ताणलेलाच राहतो. अशा कपड्यात हात वर केला की पोट उघडे पडते. ज्या मुलीला हे ठाऊक आहे ती हात वर करणारच नाही, मग तिला कवायत येत नाही असा शेरा बसतो.

उपाय फार खर्चाचा नाही. त्याच रंगाचे कापड आणून बगलेखाली कळी (जोडतुकडा) घालावी, उंची चार बोटे वाढवावी, पँटीचे आसन खोल ठेवावे आणि मांडीला आतून दुहेरी कापड लावावे. वाढत्या वयाच्या मुलींचे कपडे मी शिवते तेव्हा शिलाईत दोन बोटे माया (जास्तीचे कापड) ठेवते, म्हणजे वर्षभरात नवे शिवावे लागत नाही. पांढरे कापड पावसात अंगाला चिकटून आरपार दिसते. आत सुती शमीज आणि नीट मापाची ब्रा असेल तर मुलगी निर्धास्तपणे धावते. या वयाच्या मुलींच्या आयांना मी हे मुद्दाम सांगते, कारण मुली स्वतःहून मागत नाहीत.

निपाणीचा पालक
२६ जुलै, रात्री ८:३०

चिक्कोडीच्या मुलाचे वाचून मी माझ्या मुलाला काही बोललो नाही, फक्त त्याच्या खोलीत जाऊन बसलो. त्याला विचारले की शाळेत कोणी काही म्हणते का. तो म्हणाला, ‘शाळेत म्हणतात त्याचे काही नाही.’ या उत्तरातला राहिलेला भाग माझ्याबद्दल होता, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

तरी मोबाइल आणि रोजच्या बेकरीच्या खाण्याबद्दल माझे मत कायम आहे. त्यावर बंधन हवेच.

खानापूरची डॉक्टर
२६ जुलै, रात्री ९:१०

दादा, बंधनाला माझा विरोध नाही. फक्त ते घरातल्या सगळ्यांवर असावे. जाड मुलापुढे भाकरी आणि त्याच्या बारीक भावापुढे बेकरीचे पाकीट असे ताट वाढले की ती शिक्षा होते. वजनाची प्रवृत्ती बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. जुळ्यांच्या अभ्यासांतून तिचा वाटा साधारण ४० ते ७० टक्के मांडला जातो. एकाच घरात एकाच चुलीवरचे खाऊन दोन भावंडांची अंगे वेगळी होतात, त्यात जाड भावंडाचा दोष नसतो आणि बारीक भावंडाचा पराक्रम नसतो. मोबाइल रात्री सगळ्यांचाच, म्हणजे तुमचाही, बाहेरच्या खोलीत ठेवून पाहावा.

तालमीतला
२८ जुलै, सकाळी ८:००

धागा उशिरा वाचला. माझे लहानपण बेळगावच्या तालमीत गेले आणि आता मी लहान मुलांना कुस्तीचे पहिले धडे देतो. शाळेत ज्या अंगाला हसतात त्याच अंगाला आमच्याकडे ‘चांगला हाडापेराचा आहे’ म्हणतात. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या पाहायला या. जड पैलवान मैदानात उतरला की लोक मान वर करून पाहतात. मूल तेच असते, फक्त पाहणाऱ्याची नजर वेगळी असते, आणि त्या नजरेने मुलाच्या चालण्यात काय फरक पडतो हे मी महिन्याभरात घडताना पाहिले आहे. पहिल्या दिवशी खांदे पुढे ओढून, छाती लपवीत आलेला मुलगा माती उकरायला लागला की आठवड्यात सरळ उभा राहतो.

मुलींसाठीही वाट आहे. याच जिल्ह्यातली मलप्रभा जाधव ज्युदो खेळत मोठी झाली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने कुराश या ज्युदोसारख्या कुस्तीच्या खेळात ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवले. अशा खेळांत प्रत्येकाचा गट वजनाप्रमाणे ठरतो, त्यामुळे आपल्यासारख्याच अंगाच्या मुलीशी झुंज होते.

मात्र यातली वाईट बाजूही सांगितली पाहिजे. वजनगटाच्या खेळात खालच्या गटात बसण्यासाठी मुले उपाशी राहतात, पाणी तोडतात. जो वस्ताद १३-१४ वर्षांच्या मुलाला असे करायला सांगतो त्याच्याकडे मुलाला पाठवू नका, तो कितीही नावाजलेला असला तरी. आणि पहिल्याच दिवशी मुलाच्या वजनाबद्दल चारचौघांत बोलणारा असेल तर तिथूनच परत फिरा.

मार्कंडेयकाठ (धागाकर्ती)
१४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

इतक्या दिवसांनी लिहिते आहे, क्षमा असावी.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे मी पत्र दिले. त्यात तीनच गोष्टी लिहिल्या होत्या: वजन बंद खोलीत घ्यावे, आकडा वाचून दाखवू नये आणि धाव अंतराऐवजी वेळेवर घ्यावी. पहिल्या दोन गोष्टी शाळेने लगेच मान्य केल्या. तिसरीबद्दल मुख्याध्यापकांनी सांगितले की चाचणीची धाव ६०० मीटरचीच असते, ती बदलता येणार नाही. एरवीच्या तासाला मास्तरांनी ठरवावे. मास्तरांनी अजून काही ठरवलेले नाही. मी त्यांना एकदा भेटले. टाळ्यांबद्दल मी काही बोलण्याआधी त्यांनीच तो विषय काढला आणि, ‘मला तेव्हा दुसरे काही सुचले नाही,’ असे म्हणाले. मला त्यांचा राग होता, तो त्यानंतर टिकला नाही.

डॉक्टर ताईंनी सांगितलेल्या तपासण्या करून घेतल्या. मानेवरची काळपट त्वचा होती आणि मी ती खरोखरच घासत होते. साखर सध्या ठीक आहे, सहा महिन्यांनी पुन्हा पाहायची आहे. आमच्या डॉक्टरांनी तपासताना तिच्याशी थेट बोलून तिला काय करायला आवडेल असे विचारले. तिने पोहणे असे सांगितले. शहरातल्या गोवावेसच्या जलतरण तलावावर एकदा जाऊनही आलो, पण पोहण्याचा पोशाख घालून सर्वांसमोर चालत पाण्यापर्यंत जायचे तिच्याने झाले नाही. विहिरीत ती सलवार घालून उडी मारत असे. तो विषय मी तूर्त बाजूला ठेवला आहे.

घरातला काटा आम्ही माळ्यावर टाकला. पाहुण्यांच्या देखत तिच्या ताटाबद्दल बोलणे मी थांबवले; सासूबाईंना थांबवायला एक महिना लागला आणि त्यांनी ते माझ्यासाठी नाही, नातीसाठी केले.

नवरात्रात रोज पहाटे गल्ल्यांमधून सगळ्यांची मिळून दुर्गामाता दौड असते, हे इथल्या लोकांना ठाऊकच आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे आतेबहीण तिला बोलवायला आली. तिने पांढरा सलवार-कुडता घातला आणि ती गेली. मी मागून थोडे अंतर ठेवून चालत होते. पुढे तरुण मुले धावत होती. मागे आजीबाई, कडेवर मुले घेतलेल्या बायका, चपला हातात घेतलेल्या मुली अशी सगळी गल्ली चालत होती. ती थोडी धावत होती, थोडी चालत होती. पाच दिवस गेली, दोन दिवस गेली नाही. आता सकाळी त्या दोघी शहरातल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात झाडांमधून पाऊण तास चालतात. शनिवारच्या पी.टी.ला ती जाते, पण खेळत नाही. रांगेत उभी राहते. पोशाखही तोच जुना, घट्ट आहे.

शिवणकाम ताई, येत्या रविवारी तुमच्याकडे नवा पोशाख शिवायला टाकायचा आहे. तुमचे लिहिलेले मी तिला वाचून दाखवले होते आणि येते असे तिने स्वतःहून म्हटले आहे. माप घेताना आकडा मोठ्याने म्हणू नये, वहीत लिहावा, एवढेच तिने तुम्हाला आधी कळवायला सांगितले आहे.